एक मणका जास्त

मानेचे मणके मी दोनदा मोजले. सात भरले. माणसाच्या मानेत सातच असतात आणि गेली पंचवीस वर्षे मी नामदिन्हच्या वैद्यकीय कॉलेजात मुलांना तेच शिकवत आले आहे. पण समोर पांढऱ्या कापडावर जी मान ठेवली होती ती कापलेली होती. तलवार मणक्यातून गेली की त्याचे दोन तुकडे होतात, आणि मोजणी आठवर जाते. इथे दोन अर्धे तुकडे होते, वरचा एक आणि खालचा एक, आणि बाकीचे अख्खे सहाऐवजी फक्त पाच. मी वरचा अर्धा खालच्या अर्ध्यावर ठेवून पाहिला. तो बसला नाही. फिरवला, तरी बसला नाही. वरचा तुकडा चौथ्या मणक्याचा होता आणि खालचा पाचव्याचा. मध्ये जे असायला हवे होते ते कुठेच नव्हते, आणि पेटी उघडण्याआधी गावचे धर्मगुरू फादर हिएन हसत म्हणाले होते, "डॉक्टर, एकशेसाठ वर्षांत यातलं एक नखही इकडचं तिकडे झालेलं नाही."

ते नोम हवेचे दिवस होते. समुद्रावरून ओली हवा येते, भिंतींना पाणी सुटते, फरशीला घाम येतो, कपडे चार दिवस वाळत नाहीत, आरशात स्वतःचा चेहरा पुसून काढावा लागतो. शहरातल्या धर्मगुरूंच्या घराची मागची खोली मला तपासणीसाठी दिली होती. हाडांवर बाहेरची माती पडू नये म्हणून मी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. टेबलावर थाक फादरांच्या अस्थी होत्या. राजाने आमचा धर्म बंद केला त्या काळात दोन भिंतींमधल्या पोकळीतून ओढून काढून ज्यांचे डोके उडवले, ते थाक फादर. शनिवारी आमच्या लाकथॉन गावच्या नव्या चर्चमध्ये वेदीखाली त्या कायमच्या सील व्हायच्या होत्या. त्याआधी कुणा जाणकाराने बायबलवर हात ठेवून लिहून द्यायचे असते, की या अस्थी माणसाच्या आहेत, एकाच माणसाच्या आहेत, आणि मरण तलवारीने आले आहे. छापील कागदावर तीन प्रश्न, समोर होय किंवा नाही. मी त्या गावची, शिवाय हाडांची मास्तरीण, म्हणून मला बोलावले होते. जुनी हाडे कोरडी असली की जिभेला चिकटतात. दगड आणि हाड ओळखण्याची आमची ही ओबडधोबड युक्ती आहे, पहिल्या वर्षाच्या मुलांना ती फार आवडते. पण नोमच्या हवेत हाडे चिकटत नाहीत. ती आधीच पाणी पिऊन बसलेली असतात. मी बोटाने पाहिले तर ती किंचित ओलसर होती, झोपलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

मला एकाएकी आठवले ते नऊ. आठवले असे म्हणणे बरोबर नाही, ते माझ्या तळहाताला कळले. मी बावीस वर्षांची होते, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. गावाकडे कालवा रुंद करायचा होता म्हणून आमच्या शेतातली मूळपुरुषाची कबर हलवावी लागली. आमच्याकडे मेलेला माणूस एकदा पुरून भागत नाही. तीन वर्षांनी त्याला वर काढतात, हाडे सुवासिक पाण्याने धुतात आणि लाल मातीच्या लहान पेटीत क्रमाने लावून पुन्हा ठेवतात. आणि जागा बदलली की सगळे परत. हाडांवर ऊन पडू नये म्हणून ढगाळ सकाळ धरली होती, वर ताडपत्री बांधली होती. खाली चुलाण्यावर पाणी, त्यात चक्रीफूल आणि दालचिनी. ल्वा आत्या, माझ्या वडिलांची बहीण, आमच्या पंचक्रोशीतली हाडे धुणारी. ती एकेक हाड धुऊन माझ्या हातात द्यायची आणि मी पुसून ठेवायची. नुकतेच शिकलेले होते, नावे तोंडावर नाचत होती. मान आली तेव्हा मी मोठ्याने मोजली. सात अख्खे मणके आणि वर दोन अर्धे तुकडे. "आत्या, नऊ आहेत," मी म्हणाले. तिने माझ्या हातातून शेवटचा तुकडा काढून घेतला. "उंच होता तो," ती म्हणाली. "पण आत्या, जिराफालासुद्धा सातच..." "जा, घरातून मीठ आण." मीठ कशाला लागत होते ते मी विचारले नाही. परत आले तेव्हा मान पेटीत गेली होती आणि वर छातीच्या फासळ्या ठेवल्या होत्या.

तिथे एक जास्त. इथे एक कमी. मी खुर्चीत बसले. बाहेर फादर हिएन कुणाशी तरी फोनवर मंडपाच्या खुर्च्यांबद्दल बोलत होते, "लाल नकोत हो, लग्न वाटेल." मला त्या आवाजाचा आधार वाटला.

आमचा मूळपुरुष म्हणजे कारभारी खोआन. चर्चचा गावातला कारभारी, थाक फादरांना त्यानेच आपल्या घराच्या दोन भिंतींमध्ये लपवले होते. शिपायांनी दोघांना पकडले. तेव्हाची रीत अशी होती, की वेशीत जमिनीवर क्रूस ठेवायचे आणि त्यावरून चालत जायला सांगायचे. जो ओलांडेल तो सुटला. थाक फादर तिथेच गुडघ्यावर बसले. कारभारी खोआनने ओलांडला. एक पाऊल, दुसरे पाऊल, आणि घरी गेला. तिसऱ्या दिवशी तो आपल्या पायांनी परत आला आणि म्हणाला, माझा पाय चुकला, मला परत आत घ्या. दोघांची डोकी एकाच दुपारी, एकाच तलवारीने उडवली. पण गावाला आठवत राहिला तो पहिला दिवस. थाक फादरांचे नाव शहिदांच्या यादीत गेले, खोआनचे गेले नाही. आमच्या घराला गावात अजून 'ओलांड्यांचं घर' म्हणतात. चर्चमध्ये आमचा बाक शेवटचा. कुणी बसा म्हणून सांगितलेले नाही, पाच पिढ्या आपणच तिथे जाऊन बसतो. आमच्या घरात कुणी काही ओलांडत नाही. जमिनीवर केरसुणी पडली असेल, चटईवर मूल निजले असेल, दारात कुत्रे आडवे असेल, आम्ही वळसा घालून जातो. माझ्या प्रयोगशाळेत जमिनीवरून वायर गेलेली असली की मी टेबलाला फेरी मारते. मुले मागे हसतात. एकदा एकाने विचारले, "मॅडम, शॉक बसतो का?" मी म्हटले, "हो."

आणि अशा घरातल्या माझ्या वडिलांना, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, यंदा पहिल्यांदा अस्थींच्या पेटीला खांदा द्यायला बोलावले होते. मुलगी कागद करणार, मग बापाला मागे कसे ठेवायचे, असा काहीतरी हिशेब फादर हिएननी केला असावा. बाबांनी पांढरा शर्ट शिवून घेतला होता. नोममुळे तो वाळेना म्हणून रोज सकाळी इस्त्री फिरवत होते.

मी उठून पायाची हाडे लावायला घेतली. उजव्या पायाचे एक लहान हाड त्यात नव्हते. ते चांदीच्या डबीत काचेमागे असते. दर नोव्हेंबरात, शहिदांच्या सणाला, सगळे गाव रांगेने येऊन त्या काचेला ओठ टेकते. ज्या पायांनी नद्या पार करून प्रभूचे नाव आणले ते पाय, असे फादर दरवर्षी प्रवचनात सांगतात. आम्ही शेवटच्या बाकावरचे, म्हणून रांगेत शेवटी. तोवर काच ओठांनी धुरकट झालेली असते. मी टाच हातात घेतली. रुंद, जड टाच होती, भाताच्या चिखलात आयुष्य काढलेल्या माणसाची. थाक फादर तर राजदरबारची परीक्षा देऊन पास झालेल्या पंडिताच्या घरातले. मग मला कळले, की मी कुणाचे पाऊल हातात धरून उभी आहे. हे ते क्रूस ओलांडलेले पाऊल होते.

खाली पाहिले तर घामेजलेल्या फरशीवर माझ्या अनवाणी पायांचे ठसे होते. दारापासून टेबलापर्यंत. आणि टेबलापासून दारापर्यंत. मी आत आल्यापासून बाहेर गेले नव्हते. मी ते ठसे बराच वेळ पाहिले. नोममध्ये पाणी पसरते, ठसे मोठे दिसतात, हे मला माहीत आहे. मी फडक्याने फरशी पुसून काढली.

"काय म्हणतात आमचे फादर?" फादर हिएननी दारातून विचारले. बूट घातलेले म्हणून ते आत आले नाहीत.

"शनिवारी सांगते. गावातच सही करते."

"तोवर चुकून जिवंत नका करू त्यांना. तिकडे मंडपवाल्याला अर्धे पैसे दिलेत."

शुक्रवारी बाबांना मागे बसवून मी स्कूटरवर गावाला गेले. चाळीस किलोमीटर, दोन्ही बाजूंना नुकताच लावलेला भात आणि धुक्यातून वर आलेले चर्चचे मनोरे. बाबांनी शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत छातीशी धरला होता. वाटेत ते एकदाच बोलले. "खांद्यावर जड वाटली तर?"

"हलकी असते बाबा. हाडं वाळली की काही वजन उरत नाही."

"सगळ्या गावासमोर अडखळायला नको."

मला वाटले इथेच सांगून टाकावे, गाडी बाजूला घेऊन. पण काय सांगणार होते? त्या पेटीत एक डोके आहे, ते थाक फादरांचे, आणि धड आपले आहे. आणि बाबांनी स्वतःसाठी जी जागा राखून ठेवली आहे, शेतातल्या कबरीच्या पायथ्याशी, तिथले पाय आपल्या पूर्वजाचे नाहीत. लहानपणापासून आमच्या घरी पूर्वजाच्या तिथीला पानावर चिकट भात आणि उकडलेला कोंबडा ठेवतात. ते अन्न आजवर कुणाचे धड जेवले?

ल्वा आत्या स्वयंपाकघरात चिकट भात वाफवत होती. ऐंशीला आली आहे, कंबर वाकली आहे, विडा सुटलेला नाही. बाबा हातपाय धुवायला मागे गेले तशी मी तिच्याशेजारी पाटावर बसले. दारात तिचे कुत्रे आडवे पसरले होते, त्याला मी वळसा घालून आले होते आणि तिने ते पाहिले होते.

"शहरात राहून सवय गेली नाही तुझी," ती म्हणाली.

"आत्या, ते नऊ होते."

ती थांबली नाही. झाकण उचलले, भाताला काडी टोचली, झाकण ठेवले.

"होते."

"मी मीठ आणायला गेले तेव्हा तू पुन्हा मोजलेस."

"तीनदा. माझ्या आईनेही मोजले होते, तिच्या सासूनेही. डॉक्टरीणबाई, तुलाच एकटीला अंक येतात असं वाटलं होय?"

"मग कुणी बोललं का नाही?"

"धुणारीने बोलायचं नसतं. पेटीत काय दिसलं ते पेटीत. एखादीच्या तोंडात सोनं नसतं, पोराने सांगितलेलं असतं की पुरताना घातलंय. एखादीच्या पोटात मूल असतं, कुणाला माहीत नसतं. ते मी सांगत फिरले असते तर या गावात कुणी मला पाणी तरी तापवू दिलं असतं का?" तिने विड्याची पिंक डब्यात टाकली. "तिकडे फादरांच्या पेटीत सात आहेत का?"

"सात. पण दोन अर्धे."

"म्हणजे बरोबर."

"चूक झाली त्यांची. घाईत. शिपाई उभे असतील, दोन डोकी, दोन धडं, कपडे काढून घेतलेले..."

आत्या हसली. तिच्या हसण्यात कुचेष्टा होती, पण माझी नव्हती. "डोकी शिवली कुणी?"

हे मला लहानपणापासून माहीत होते. धडाला डोके शिवून पुरायचे असते, नाहीतर शेवटच्या दिवशी माणूस उठणार कसा. शिवली ती कारभारणीने, खोआनच्या बायकोने. दोघांचीही. ती सुई आमच्या घरी देवघरातल्या नळीत होती, मी लहान असताना पाहिलेली, गंजून काळी.

"वीस वर्षं नवऱ्याची पाठ चोळलेली बाई," आत्या म्हणाली, "ती त्याचं धड ओळखत नाही होय? अंधारात हात लावून ओळखेल. तिला माहीत होतं पोरी, की मेल्यावर त्याच्या नावाने कुणी मेणबत्ती लावणार नाही. त्याच्यासाठी कुणी गुडघे टेकणार नाही. थाक फादरांसाठी सगळे टेकतील. मग तिने आपला माणूस त्यांच्या डोक्याखाली घातला. आता टेका म्हणाली."

"आणि फादरांचं धड?"

"ते आपण सांभाळलं की. कधी तिथी चुकवली? भिंतीत सांभाळलं, मग शेतात सांभाळलं." मग आवाज खाली आणून तिने विचारले, "तू काय लिहिणार आहेस?"

मी म्हटले, मला हात ठेवून शपथ घ्यायची आहे. खोटे लिहिता येणार नाही. मी तीस वर्षे जे दिसते तेच लिहिते.

"लिही मग," ती म्हणाली. "ओलांड्यांनी एकशेसाठ वर्षं गावाला फसवून आपले पाय चुंबवून घेतले, असं लिही. दादाचा शर्ट मी परत घडी करून ठेवते."

मागच्या दारातून बाबा आले. दारातल्या कुत्र्याला वळसा घातला, कोरड्या जागा पाहत पाहत पाटापर्यंत आले आणि म्हणाले, "भात लागतोय, ल्वा."

त्या दुपारी मी शेतात गेले. बांधावरून कबर दिसते, पांढरी, गुडघ्याएवढी, चारी बाजूंना पाणी. माझी सावली पडली नाही, कारण ऊन नव्हते. मी सिमेंटवर हात ठेवला तर तोही घामेजलेला होता. आत एक माणूस होता ज्याने कधीच ओलांडले नाही, आणि त्याच्या मानेवर एक डोके होते ज्याने ओलांडल्यानंतर तीन दिवस झोप घेतली नसावी. मला त्या डोक्याबद्दल वाईट वाटले. आमच्या घराण्यात जो पश्चात्ताप म्हणून काही होता तो या डोक्यात होता, आणि त्याला स्वतःचे पाय नव्हते. पायांना डोके नव्हते. पाय उद्या वेदीखाली जाणार होते आणि त्यांना अजून कळलेले नसणार, की ते परत आले होते.

मी असा विचार करणारी बाई नाही. मी घरी येऊन कोमट पाण्याने हात धुतले.

शनिवारी सकाळी चर्च भरले होते. मंडपाच्या खुर्च्या निळ्या होत्या. गावातल्या कुणीतरी मागून म्हटले, "आज ओलांडे पुढे!" आणि दुसरे म्हणाले, "गप, डॉक्टर आहे ती, सुई टोचेल." बाबांनी ऐकले. त्यांची मान ताठ झाली. पांढरा शर्ट पाठीवर ओला होता, पण कडक होता. बाजूच्या खोलीत फादर हिएननी टेबलावर बायबलमधले शुभवर्तमान उघडून ठेवले. शेजारी छापील कागद आणि पेन. अस्थी लाल कापडात लावल्या होत्या, चांदीची डबी उघडून ते लहान हाडही आज त्यांच्यात ठेवले होते. त्यानंतर कुणी ते पाहणार नव्हते.

पहिला प्रश्न, माणसाच्या आहेत का. मी होय लिहिले. तिसरा आधी लिहिला. तलवार, मागून, डावीकडून उजवीकडे, एकाच घावात. होय. दुसऱ्यापाशी पेन थांबले. उघड्या दारातून बाबा दिसत होते. पेटी उचलायच्या दांड्याला त्यांनी आधीच हात लावून ठेवला होता, कुणी नंतर नको म्हणेल म्हणून. शुभवर्तमानावरचा माझा डावा हात ओला झाला होता. कागदही ओलसर होता, शाई पसरणार होती. मला त्या कारभारणीचे बोट दिसले. तेही असेच ओले असणार. तिच्यासमोर दोन माना, शिपाई घाई करतायत, आणि धागा सुईच्या नेढ्यातून जात नाही. तिने तो ओठात घेऊन ओला केला असेल, टोकदार केला असेल. मी पेनचे टोक कागदाला लावले आणि माझ्या लक्षात आले, की मी जीभ ओठांवर फिरवते आहे.

एकाच माणसाच्या आहेत का. होय.

आयुष्यात पहिल्यांदा मी दिसले ते लिहिले नव्हते. अक्षर चांगले आले.

"संपलं?" फादर हिएननी विचारले. ते आता थट्टा करत नव्हते. "मग या, डॉक्टर. झाकण लावायच्या आधी. काचेशिवाय, आजच्यापुरतं. बाबांनाही बोलवा."

बाबा आले. जमिनीवर लाल कापडाचे टोक लोळत होते, त्याला वळसा घालून आले. वाकले, ते लहान हाड फादरांनी बोटात धरले होते त्याला ओठ टेकले आणि लगेच मागे झाले. "गार आहे," ते कुजबुजले. त्यांचे डोळे भरले होते. चौऱ्याऐंशी वर्षे ज्या माणसाची त्यांना लाज वाटत आली, त्याच्या पायाला त्यांनी ओठ लावले होते, आणि हे मला एकटीलाच माहीत होते. आत्या शेवटच्या बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

मग मी वाकले. भिंतींवरून पाणी ओघळत होते, वेदीच्या पायऱ्यांवर थेंब उभे होते, मेणबत्त्यांभोवती धुके होते. अशा हवेत हाडे चिकटत नाहीत. मी ओठ टेकले आणि मागे घेऊ लागले, तर ते घेता येईनात. हाड कोरडे होते. आतून कोरडे, कित्येक वर्षे पाणी न मिळाल्यासारखे, आणि ते माझ्या ओठाला धरून राहिले होते. फादरांनी बोट किंचित ओढले. मी डोळे मिटले. ओढू नका, असे मला म्हणायचे होते, पण तोंड उघडता येत नव्हते.